साळवे मास्तरांनी लावलेलं वळण

साळवे मास्तर जेवतानाही ताटात समास सोडत. ताटाच्या डाव्या कडेला चार बोटं जागा कोरी. आपल्याकडे ही जागा मीठ, लिंबू, चटणी यांची. पण त्यांच्या घरी चटणीला उजवीकडे जाऊन भाजीच्या मांडीला मांडी लावून बसावं लागे. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा मला वाटलं, वाढायचं राहिलं. मी त्यांच्या पत्नीला, मार्थाबाईंना, हाक मारली, "मास्तरांना चटणी वाढायची राहिली बहुतेक." त्या स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "राहिली नाही. तो त्यांचा समास आहे. तुम्ही जेवा." मास्तर घास गिळून म्हणाले, "साहेब, कागद असो की ताट, कडेपर्यंत भरलं की हावरटपणा दिसतो."

भास्कर लुकस साळवे. श्रीरामपुरात स्टेशनजवळ, एका पेंडीच्या दुकानाच्या माडीवर त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तालुक्यातल्या निम्म्या कारकुनांची बोटं तिथे सरळ झाली. खाली पेंडीचा वास आणि वर टाइपरायटरचा खडखडाट, आणि त्यावर मास्तरांचा आवाज: "समास सोडा! साहेबाला शेरा मारायला जागा नको का? सरकारी नोकरी म्हणजे दुसरं काय, उजवीकडे आपण लिहायचं, डावीकडे साहेबाने." उंच, सडपातळ, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी इतकं थांबणं, की पूर्णविराम ऐकू यावा.

मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. मी त्यांचा साहेब होतो, आणि ही गोष्ट मला तेव्हाही टोचायची. मी तिशीचाही नव्हतो. ते माझ्या वडिलांच्या वयाचे. रोज सकाळी मी आलो की ते उठून उभे राहत आणि रोज सकाळी मी खजील होई. शेवटी एकदा म्हणालो, "मास्तर, माझ्यासाठी उठत जाऊ नका हो." त्यांनी शांतपणे सांगितलं, "साहेब, मी तुमच्यासाठी उठत नाही. खुर्चीसाठी उठतो. तुम्ही मध्ये येता." त्यानंतर मला दोन्ही बाजूंनी अपराधी वाटू लागलं.

आमची गाठ पडली ती एका कॉम्प्युटरमुळे. सन सत्तरनंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. मी ऊसउत्पादकांच्या एका सहकारी संघाच्या माती परीक्षण केंद्रात होतो. शेतकरी पिशवीत माती घेऊन यायचा, आम्ही ती तपासायचो आणि कोणतं खत किती घालायचं ते सांगायचो. वरच्या कुठल्याशा योजनेतून आम्हाला एक छोटा कॉम्प्युटर मिळाला, तोही कायमचा नव्हे, अजमावून बघायला. "छोटा" म्हणजे गोदरेजच्या कपाटाएवढा. तो पेंढ्यात गुंडाळून ट्रकमधून आला. त्याच्याशी बोलायला शिकण्यासाठी मला हैदराबादला पाठवलं होतं, आणि तिथून मी भीती वाटण्यापुरतं शिकून आलो होतो.

आता कॉम्प्युटरला टीव्हीसारखा पडदा असतो. आमच्याकडे पडदा नव्हता, टेलिप्रिंटर होता. जाडजूड टाइपरायटरसारखं यंत्र, मागे कागदाचं रीळ. आपण कळा दाबून हुकूम लिहायचा, आणि त्याच कागदावर त्याच्या खाली मशीन आपलं उत्तर खडखडत छापायचं. सगळी अक्षरं इंग्रजी, तीही फक्त मोठ्या लिपीतली. या कळा चालवायला टायपिस्ट हवा होता. मास्तर मुलाखतीला आले ते अर्ज घेऊन. त्या अर्जाचा समास इतका देखणा होता, की संघाच्या अध्यक्षांनी अर्ज न वाचताच सही केली.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर एका शेतकऱ्याचा कागद छापून दाखवला. मशीनने नाव, गट नंबर, नत्र, स्फुरद, पालाश सगळं एका ओळीत कोंबलं. ओळ कागदाच्या उजव्या कडेला पोचली तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं. तेव्हा पुढची सगळी अक्षरं त्याने कडेच्या एकाच जागी, एकावर एक ठोकली. तिथे एक काळा डाग झाला आणि कागदाला भोक पडायला आलं. मास्तर चष्मा वर करून बघत राहिले.

"याला घंटी ऐकू येत नाही का?"

"कसली घंटी?"

"साहेब, टाइपरायटरवर कड जवळ आली की घंटी वाजते. मग माणूस मागे फिरतो. हा गडी भिंत आली तरी चालतोच आहे. डोकं आपटतोय बिचारा." त्यांनी तो काळा डाग बोटाने चाचपला. "आणि या डागात काय होतं?"

मी हिशोब करून सांगितलं, "पालाश किती घालायचं ते."

"म्हणजे शेतकऱ्याने काय घालायचं? डाग?"

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि तो प्रश्न विचारला, ज्याच्यामुळे पुढचं सगळं झालं. "याला वळण लावता येतं का? की हा जन्मतः असाच?"

लावता येत होतं. प्रोग्रॅममध्ये मी अशी सोय केली की ओळीची लांबी, समास, मोकळ्या ओळी असल्या गोष्टी एका छोट्या कागदी पट्टीवर भोकं पाडून ठेवायच्या. सकाळी मशीन सुरू केलं की आधी ती पट्टी त्याला वाचायला द्यायची. मग दिवसभर ते त्याप्रमाणे छापायचं. पट्टी दिली नाही तर पुन्हा पहिल्यासारखं रानटी. मास्तरांनी तिला नाव दिलं, शिस्तपट्टी. सकाळी ती मशीनमध्ये सरकत असताना ते हात मागे बांधून उभे राहत, शाळेत प्रार्थना चाललेली असावी तसे.

आणि मग त्यांच्या मागण्या सुरू झाल्या. आधी समास. मग नावानंतर एक मोकळी ओळ, "नाव घेतल्यावर माणसाला जरा दम खाऊ द्या." मग किलोचे आकडे जाऊन पोती आली, कारण शेतकरी खत पोत्यात आणतो, किलोत नव्हे. मग युरिया नेहमी त्याच ओळीत, सुपर फॉस्फेट त्याच्या खाली, पोटॅश, म्हणजे पालाश, त्याच्या खाली, काही झालं तरी जागा बदलायची नाही. एखाद्याला पोटॅश नको असेल तर ओळ गाळायची नाही, कोरी ठेवायची. "पाहुणा आला नाही म्हणून पाट उचलायचा नसतो." मी म्हणालो, कागद वाया जातो. ते म्हणाले, "जाऊ दे. डागात पालाश गेलं ते परवडलं होतं का?"

सगळ्यात नामी कल्पना त्यांची चांदण्यांची. आकड्यापुढे, जितकी पोती तितक्या चांदण्या छापायच्या. चार पोती, चार चांदण्या. अर्ध्या पोत्याला एक टिंब. हैदराबादला हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी ते बसवून दिलं आणि दोन दिवस ते आपल्यालाच सुचलं अशा तोऱ्यात वावरलो, मग नेहमीप्रमाणे रात्री वाईट वाटून सकाळी सगळ्यांना खरं सांगितलं. कोणाला फरक पडला नाही.

चुकाही व्हायच्या. प्रत्येक नावापुढे इंग्रजी अक्षरांत "श्री" छापायचा हुकूम त्यांनी पट्टीवर घातला आणि पहिल्याच दिवशी वडाळ्याच्या हौसाबाई समोर आल्या. हौसाबाई म्हणजे दोन एकर ऊस एकटीने उभा करणारी बाई, काष्ट्याची, तोंडात मशेरी. मास्तरांनी कागद वाचून दाखवला, "श्री हौसाबाई..."

"काय म्हनला त्यो मला?"

"चुकला तो. श्रीमती म्हणायला हवं होतं."

"आसू द्या, आसू द्या," हौसाबाई म्हणाल्या. "सोसायटीत मला कोन बाई म्हनून ईचारीत न्हाई. हितं बाप्या म्हनून तर कर्ज लौकर मिळंल."

मास्तरांनी त्याच दुपारी मला पट्टी बदलायला लावली. हौसाबाईंना ते आवडलं नाही.

पण मास्तरांचं खरं वेड म्हणजे हुंकार. त्यांचे वडील मिशनचे उपदेशक होते. नेवासं, राहुरी, गोदाकाठची खेडी, सगळीकडे पायी हिंडून चावडीवर गोष्टी सांगायचे. गोष्ट सांगताना समोरून कोणीतरी "हं" म्हणावं लागतं. हे आपल्या खेड्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो. पण लुकस उपदेशक याबाबतीत फारच कडक. हुंकार आला नाही तर ते वाक्याच्या मध्यावर थांबत आणि तसेच बसून राहत. मास्तर सांगायचे, "एकदा वडिलांनी बायबलातल्या योनाला माशाच्या पोटात घातलं आणि लोकांना झोप लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक आले तेव्हा वडील तिथेच बसले होते. योना अजून माशात."

त्यांचं म्हणणं असं की आमचं मशीन उद्धट आहे, कारण ते समोरच्याला समजलं की नाही याची वाट न बघता बोलत सुटतं. "चार ओळी बोललं की त्याने थांबलं पाहिजे. समोरच्याने हं म्हटलं की पुढे." मी म्हणालो, मशीनला ऐकू येत नाही. त्यावर त्यांनी कळांकडे बोट दाखवलं. "त्याला बोट लावलेलं कळतं ना? मग एच दाबला की हुंकार."

मला ही मागणी वेडगळ वाटली आणि तसं मनात आल्याबद्दल वाईट वाटलं, म्हणून मी ती पूर्ण केली.

आता दृश्य असं असायचं. टेलिप्रिंटरशेजारी एक स्टूल. त्यावर शेतकरी. मशीन चार ओळी छापून गप्प. मास्तर त्या मराठीत वाचून दाखवणार. "समजलं?" शेतकरी म्हणणार, "हं." मग मास्तर त्याचं बोट धरून एचच्या कळेवर नेणार. शेतकऱ्याने दाबलं की मशीन पुन्हा खडखडणार. काही जण समजलं नसतानाही हं म्हणायचे. मास्तर लगेच विचारायचे, "काय समजलं?" मग तो गडी डोकं खाजवायचा, "तुमी सांगा की." आणि पुन्हा पहिल्यापासून. हौसाबाईंना एच लगेच पाठ झाला. अक्षर ओळख नव्हती, पण त्या म्हणायच्या, "ती शिडीवानी हाय ती कळ." त्या तोंडाने हं म्हणत आणि बोटाने शिडीही दाबत, एकावर त्यांचा भरवसा नव्हता.

या सगळ्यात एका शेतकऱ्याला पाव तास लागे. कोणाची तक्रार नव्हती. तक्रार पुण्याहून आली.

पुण्याचे डॉ. सोहोनी हे त्या योजनेचे प्रमुख. त्यांनी कळवलं की ते स्वतः येऊन काम बघतील आणि मशीन श्रीरामपुरात ठेवायचं की पुण्याला न्यायचं ते ठरवतील. माझं काही बिघडणार नव्हतं. मी मशीनबरोबर कुठेही गेलो असतो. पण मास्तरांनी या नोकरीसाठी इन्स्टिट्यूट बंद केली होती. टाइपरायटर विकून टाकले होते, माडी पेंडवाल्याने पोती ठेवायला घेतली होती. मशीन गेलं तर त्या वयात त्यांना परत जायला जागा नव्हती. मार्थाबाईंनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, ते मशीन राहील ना? यांना सांगू नका मी विचारलं म्हणून. यांना वाटतं, आपण त्याला इतकं चांगलं वळण लावलंय, तर ते जाईल कशाला."

मी मास्तरांना विनवलं, त्या दिवसापुरता तरी हुंकार काढू या. ते तयार झाले नाहीत. "साहेब, पाहुणे येणार म्हणून मुलांना चांगलं वागायला सांगतात. तुम्ही वाईट वागायला सांगताय."

डॉ. सोहोनी आले ते जीपमधून, बरोबर पुण्याचा एक मेकॅनिक. व्हरांडा शेतकऱ्यांनी भरलेला. डॉक्टर सज्जन, बुद्धिमान आणि घाईत होते. त्यांनी आल्याआल्या मास्तरांना बाहेर थांबायला सांगितलं. "मला माणूस नाही, मशीन बघायचंय. कोणी हात लावू नका." आणि स्वतः खुर्चीत बसले. स्टुलावर हौसाबाई होत्या. त्यांनी सकाळपासून स्टूल सोडलं नव्हतं.

मशीनने चार ओळी छापल्या. समास सुरेख. चांदण्या सुरेख. आणि गप्प.

डॉक्टर थांबले. मशीनही थांबलं. मी म्हणालो, "सर, ते..." त्यांनी तळहात वर केला. माझा स्वभावच असा की वर केलेला तळहात बघून मी गप्प होतो. मेकॅनिकने मागचं झाकण उघडलं. फ्यूज काढला, फुंकला, परत बसवला. मग त्याने श्रीरामपूरच्या विजेला नावं ठेवली. दारात मास्तर अस्वस्थपणे उभे होते, पण आत यायला मनाई, आणि मनाई म्हणजे मास्तरांच्या लेखी मनाई.

शेवटी हौसाबाईंना राहवलं नाही. "साहेब, त्यो बिगाडला न्हाई. तुमची वाट बघतोय."

"माझी?"

"तुमी काईच बोलंना, मंग त्यानं तरी किती बोलावं? हं म्हना."

"काय म्हणू?"

"हं म्हना, हं!"

आणि पुण्याच्या त्या विद्वान माणसाने, व्हरांडाभर लोकांसमोर, टेलिप्रिंटरकडे बघून म्हटलं, "हं."

काही झालं नाही.

"आवं, नुसतं त्वांडानं म्हनून कसं व्हईल? त्याला कानं हायती व्हय? शिडी दाबा, शिडी!" डॉक्टर शिडी शोधू लागले. मग हौसाबाईंनीच हात लांब करून एच दाबला आणि मशीन खडखडत सुटलं. व्हरांड्यातून टाळ्या पडल्या. पुढच्या चार ओळी झाल्या, मशीन थांबलं, आणि बाहेरच्या पन्नास-साठ माणसांनी एका आवाजात डॉक्टरांना मदत केली: "हं!"

डॉक्टर हसले. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला वाटलं, जिंकलो. पण चष्मा पुसून त्यांनी घड्याळ बघितलं.

"समास ठेवा. चांदण्या तर ठेवाच, पुण्यात कोणाला हे सुचलं नसतं," ते मास्तरांना आत बोलावून म्हणाले. "पण हे थांबणं काढा. अहो, मशीनने माणसाची वाट बघायची तर मशीन कशाला? हंगामाच्या शेवटी मी कामाचा वेग बघेन. त्यावर ठरेल, काय करायचं ते."

जीप गेल्यावर मास्तरांनी कात्री मागितली. मी म्हणालो, मी नवीन पट्टी करून देतो. ते म्हणाले, नको, एवढंच कापायचंय. हुंकाराचा हुकूम पट्टीच्या शेपटाला होता. त्यांनी तो कापला, केराच्या टोपलीत टाकला आणि म्हणाले, "मार्थेला म्हणालो होतो, हट्ट करायला वय लागतं. आता वाटतं, हट्ट सोडायलाही लागतं."

दुसऱ्या दिवसापासून मशीन धावू लागलं. पाव तासाचं काम दोन-तीन मिनिटांत होऊ लागलं. कागद भराभर बाहेर, आणि कागद हातात घेतलेले शेतकरी व्हरांड्यात जसेच्या तसे उभे. घरी कोणीच जाईना. तेव्हा मास्तरांनी कडुनिंबाखाली बाक टाकला आणि एकेकाला शेजारी बसवून कागद वाचायला सुरुवात केली. चार ओळी वाचायच्या आणि थांबायचं. मशीनचं सुटलं ते त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. सकाळी पट्टी देऊन मशीन माझ्या ताब्यात, आणि ते संध्याकाळपर्यंत झाडाखाली.

एवढं बोलून त्यांचा आवाज बसला. मार्थाबाई ज्येष्ठमध पाठवायच्या, मिठाच्या गुळण्या चालायच्या, उपयोग शून्य. एक दिवस तोंडातून फक्त हवा येऊ लागली. समोर हौसाबाई. मास्तरांनी हातानेच सांगितलं, आज नाही.

"आज न्हाई काय? द्या हिकडं." हौसाबाईंनी कागद हिसकावला आणि बोट ठेवलं. "ह्ये वर माजं नाव. ही रिकामी वळ, दम खायाची. ह्यो युरिया, ह्या चांदन्या... एक, दोन, तीन, आन ह्ये टिपकं. साडेतीन पोती. ह्यो सुपर. ही वळ मोकळी, म्हंजी पोट्यास न्हाई घालायचं. बराबर हाय का न्हाई? हं म्हना की, मास्तर!"

आवाज नसलेल्या मास्तरांनी मान डोलावली. दर ओळीला एकदा. अक्षर न ओळखणारी बाई कागद वाचत होती, कारण त्या कागदावरची एकही गोष्ट आपली जागा कधी सोडत नव्हती. मग बाकीचेही तसंच करू लागले. चुकलं की मास्तर बोटाने टकटक करत, टायपिंगच्या विद्यार्थ्याला करावी तशी. त्यांचा आवाज महिन्याभराने परत आला, पण त्यांनी ते कोणाला लवकर कळू दिलं नाही.

हंगाम संपला. डॉ. सोहोनींनी कामाचा वेग बघितला आणि ते थक्क झाले. इतकं चालतं मशीन एका तालुक्यात अडकवून ठेवणं बरोबर नाही, असं त्यांनी ठरवलं. ते पुण्याला न्यायचं, मी बरोबर जायचं, आणि चार जिल्ह्यांचं काम तिथून करायचं. हळू चाललं असतं तर कदाचित नादुरुस्त समजून आमच्याच गळ्यात राहू दिलं असतं! हे मला त्याच क्षणी कळलं आणि मास्तरांकडे बघवेना. हुंकार काढण्याचा आग्रह आधी माझाच होता.

मास्तरांनी ऐकून घेतलं. मग त्यांना हसू फुटलं. "साहेब, तोंड का पाडता? पोराला भरभर बोलायला शिकवलं आणि त्याला पुण्यात नोकरी लागली. श्रीरामपुरातल्या निम्म्या आईबापांचं हेच झालंय."

पण ते हसू घरी नेण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी ते बराच वेळ कडुनिंबाखाली बसून राहिले. घरी काय सांगायचं याची जुळवाजुळव चालली असावी.

ट्रक आला त्या दिवशी हौसाबाई पंधरा-वीस जणांना घेऊन अध्यक्षांच्या खोलीत शिरल्या. मला वाटलं, मशीन जाऊ नये म्हणून. दाराबाहेर मला त्यांचा आवाज ऐकू आला. "मशीन न्या न्हाईतर ईहिरीत टाका, आमाला काय त्याचं. पर कागुद कोन सांगनार? मास्तर ठिवा." अध्यक्ष म्हणाले, मशीन नाही तर ऑपरेटर कशाला? हौसाबाई म्हणाल्या, "मशीन व्हतं तवा तरी मास्तर कुटं मशीनपाशी हुते? झाडाखाली हुते!" मास्तरांची नोकरी राहिली.

डॉक्टर "समास ठेवा" म्हणाले होते खरे, पण पुण्याच्या हिशोबखात्याने शिस्तपट्टी वापरू दिली नाही. कागदाची बचत म्हणून एका पानावर पाच-पाच शेतकरी, कडेपासून कडेपर्यंत. असे गठ्ठे मी एसटीच्या पार्सलने श्रीरामपूरला पाठवायचो. तिथे मास्तर कार्यालयातल्या मराठी टाइपरायटरवर प्रत्येक शेतकऱ्याचा कागद नव्याने उतरवायचे. समास, मोकळी ओळ, चांदण्या, सगळं तसंच. आणि आता अक्षरं मराठी. त्यांनी मला निरोप पाठवला, "तुमचा विद्यार्थी माझ्याकडे येऊन अखेर मातृभाषेत बोलायला लागला." एवढ्यावर ते थांबले नाहीत. पुण्याचा मूळ कागद ते लाल शाईने तपासायचे आणि परत पाठवायचे: "समास नाही. गर्दी. पुन्हा करा." डॉ. सोहोनींनी एकदा तो गठ्ठा उचलून मला विचारलं, "हे काय आहे?" मी म्हणालो, "तपासून आलेत, सर."

दोन वर्षांनी मी सुटीत घरी जाताना श्रीरामपूरला उतरलो. ती आमची शेवटची भेट. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, आणि मला ते कळलं तेव्हा दफन-प्रार्थना सगळं आटोपून आठवडा झाला होता. पण त्या दिवशी ते ठणठणीत होते. कडुनिंबाखाली टाइपरायटर, समोर बाक भरलेला. मला बघून त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि म्हणाले, "रांगेत बसा, साहेब. ही मंडळी सकाळपासून आहेत."

मी बसलो. शेजारच्या फेटेवाल्याने विचारलं, "तुमचं वावार कुटशी?"

"वावर नाही."

"मंग माती कशाची आनली?"

"नाही आणली. मास्तरांना भेटायचंय."

"आसं व्हय. बसा की मंग," तो म्हणाला आणि जरा सरकला.

माझी पाळी आली तोवर ऊन उतरलं होतं. मी पुढे झालो तर मास्तरांनी पुण्याचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "बरं झालं आलात. हे तुमचंच गचाळ काम आहे. तुम्ही वाचा, मी टाइप करतो. डोळ्यांना त्रास होतो आताशा एवढी गर्दी बघून."

मी वाचू लागलो. नाव, वावर, पोती. मी भरभर वाचलं की ते कळांवरून हात उचलून स्वस्थ बसायचे, आणि मी पुन्हा सावकाश वाचायचो. बाकावरची माणसं आपापला कागद घेऊन एकेक उठत होती. स्टँडवरून माझी पुढची गाडी सुटल्याचा भोंगा ऐकू आला. मी मान वर केली.

"अजून आठ-दहा आहेत," मास्तर नवीन कागद चढवत म्हणाले. "मार्थेने तुमच्या भाकरी धरल्यात. गाडी काय, उद्याही आहे. वाचा."